लिली, स्नो फ्लॉवर आणि लग्नानंतरची मैत्रीण

जुनी वही

सावधान: शेवटासकट सगळं सांगितलंय. वाचायची असेल तर आधी वाचून या.

लिसा सी या चिनी वंशाच्या अमेरिकन लेखिकेची 'स्नो फ्लॉवर अँड द सीक्रेट फॅन' (२००५) इथल्या बऱ्याच जणींनी वाचली असेल. काळ एकोणिसाव्या शतकातला, मुलूख हुनान प्रांतातला, आजचा च्यांगयोंग परगणा. लिली साध्या शेतकऱ्याची पोर. तेव्हा तिथे मुलींचे पाय लहानपणीच घट्ट बांधून, हाडं मोडून छोटे ठेवायची प्रथा. हिचे पाय नीट बांधले तर सुरेख होतील, असं कळल्यावर मध्यस्थ बाई तिची गाठ स्नो फ्लॉवर नावाच्या घरंदाज मुलीशी घालून देते. ही गाठ मैत्रीची, पण थाट सगळा सोयरिकीचा. जन्मवेळा जुळवायच्या, लेखी करार करायचा, एकमेकींना सोडायचं नाही म्हणून लिहून द्यायचं. या नात्याला लाओथोंग म्हणतात. दोघी एका पंख्याच्या घड्यांवर नुशू या बायकांच्या लिपीत निरोप लिहितात आणि तो पंखा वर्षानुवर्षं या घरातून त्या घरात फिरत राहतो.

पुस्तकाची चर्चा निघाली की पाय बांधण्याच्या प्रकरणावरच अडते. माझं मन मात्र उत्तरार्धात अडकलंय. लिलीचं नशीब उघडतं, ती मोठ्या घरची सून होते. स्नो फ्लॉवरच्या बापाने अफूपायी सगळं घालवलेलं असतं, म्हणून तिच्या वाट्याला खाटकाचं घर येतं. चिनी बादशाहीविरुद्धच्या ताइपिंग बंडाच्या धामधुमीत माणसं डोंगरात पळतात, कडाक्याची थंडी, खायला नाही. लिली नेमकी स्नो फ्लॉवरच्या सासरच्यांबरोबर अडकते. तिथे स्नो फ्लॉवरचा मुलगा जातो, नवरा तिला बडव बडव बडवतो. आणि जन्माची मैत्रीण तिला काय सांगते? नवऱ्याच्या कलाने घे, लवकर दुसरा मुलगा होऊ दे, सगळं ठीक होईल.

पुढे पंख्यावर निरोप येतो. शेजारच्या तीन बायका मला आहे तशी स्वीकारताहेत, अशा अर्थाचा. नुशू ही उच्चारावर चालणारी लिपी, एकाच अक्षराचे अनेक अर्थ निघतात आणि मागचापुढचा संदर्भ पाहून ठरवावं लागतं. लिलीला त्यात एकच दिसतं: हिने मला सोडून दुसऱ्या शपथेच्या बहिणी केल्या. ती विचारायला जात नाही, निरोप धाडत नाही. संबंध तोडते आणि नंतर बायकांच्या मेळाव्यात चारचौघींसमोर तिची लक्तरं काढते. खरं काय ते फार उशिरा कळतं.

माझं म्हणणं असं की लिलीला कुणीही फसवलेलं नाही. तिने मैत्री करारासारखी वाचली. कलम मोडलं असं वाटलं, की मामला संपला. पाय, सासू, नवरा, बंड या सगळ्यांतून तगलेलं नातं या हिशेबी स्वभावाने मेलं.

तुम्हाला काय वाटतं?

वरणफळं

मस्त धागा! वाचनखूण साठवली. मी अर्ध्यातच सोडलं होतं, लिलीची धाकटी बहीण पाय बांधल्यामुळे मरते तिथे. दोन दिवस जेवण गेलं नाही.

टवाळ

मी पुस्तक वाचलेलं नाही, त्यामुळे मत ठाम आहे. ;)

अमेरिकेत बसून चीनमधल्या बायकांचे हाल लिहायचे, मुखपृष्ठावर पंखा आणि रेशीम टाकायचं, की बुक क्लबवाले तयारच. पाय बांधणं, गुप्त लिपी, अफू, खाटीक नवरा, काही राहिलं का? अशा मालाला माझा आपला दुरून नमस्कार.

जुनी वही

टवाळराव, लेखिका नुसती अमेरिकेत बसलेली नाही. २००२ साली ती च्यांगयोंगला गेली होती आणि यांग ह्वान-यी या बाईंना भेटली होती. परंपरेने नुशू शिकलेल्या जुन्या बायकांपैकी त्या शेवटच्या मानल्या जातात. २००४ मध्ये अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेल्या. पुस्तक पुढच्या वर्षी आलं. बाकी मुखपृष्ठाबद्दल सहमत, भयाण आहे.

आडगल्ली

मी या विषयावर थोडं वाचलेलं आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

टवाळ यांचा रोख चुकलाय, पण हरकत अगदीच पोकळ नाही. 'गुप्त लिपी' हे प्रकरण बाहेरच्यांनी फुगवलेलं आहे. च्यांगयोंगमधल्या पुरुषांना नुशू माहीत होती. आई, आत्या, बायको लिहिताना दिसत होती, मोठ्याने गाऊन वाचताना ऐकू येत होती. लिहिलेलं सगळं गायचंच असायचं, बहुतेक सात-सात अक्षरांच्या ओळींत. पुरुषांना ती शिकायची गरज वाटली नाही, कारण परीक्षा, कागदपत्रं, जमिनीचे व्यवहार सगळं चिनी लिपीत. बायकांचं काहीतरी चाललंय, चालू दे, असा एकूण भाव. मला हे गुप्ततेपेक्षा जास्त बोचतं.

मुलीच्या आयुष्यात शपथेच्या बहिणींना मोठं स्थान होतं. चौथ्या चांद्रमासातल्या अष्टमीला तिथे एक सण असायचा, त्या दिवशी मुली आपापला खाऊ घेऊन एकत्र जमायच्या, जेवायच्या, गायच्या. लग्न ठरलं की नवरीबरोबर बसून रडगाणी म्हणायच्या. आणि मग यायचं 'तिसऱ्या दिवसाचं पुस्तक'. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी माहेरच्या बायका आणि मैत्रिणी ते नवरीच्या सासरी पाठवायच्या. मी याचे फोटो बारकाईने पाहिलेत. गडद निळ्या सुती कापडाचं कव्हर, दोऱ्याने शिवलेलं. पहिल्या थोड्या पानांवर उजवीकडून डावीकडे जाणारे उभे रकाने आणि त्यांत ती बारीक, तिरकी, काटक्यांसारखी अक्षरं. पुढची पानं कोरी. त्या कोऱ्या पानांत बाई भरतकामाचे दोरे आणि कागदी नक्षी जपून ठेवायची.

पहिल्या पानांवर काय असायचं? अभिनंदन कमी, विलाप जास्त. आपण दोघी एकत्र बसून सुई चालवायचो, आता तू दुसऱ्या घरची झालीस, आपण मुलगे असतो तर ताटातूट झाली नसती. म्हणजे मैत्री संपली असं गृहीत धरूनच ते लिहिलेलं असायचं. लेखिकेने काय केलं, तर हा मजकूर घेतला आणि विचारलं: संपलीच नाही तर? लग्नानंतरही वर्षानुवर्षं चालली तर तिचं काय होईल? माझ्या मते कादंबरीची खरी कल्पना ही. करार, जुळवाजुळव, एकमेव सखी हा सगळा सांगाडा तिने या प्रश्नासाठी उभारलाय. प्रत्यक्षातली समवयस्क मैत्री इतकी कडक कायद्याची नव्हती.

आणखी एक. त्या भागात लग्नानंतर मुलगी लगेच कायमची सासरी जायची नाही. पहिलं मूल होईपर्यंत बराचसा काळ माहेरी, सणासुदीला सासरी. कादंबरीतही हे आहे, पण वाचकांच्या नजरेतून सुटतं. ताटातूट एका दिवसात व्हायची नाही, दोन-चार वर्षं चिघळत राहायची.

गोंदियावाली

वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. माझी आजी छत्तीसगडची, राजनांदगावकडची. तिची एक 'भोजली' होती. श्रावणात टोपलीत गव्हाचे अंकुर वाढवतात, राखीच्या दुसऱ्या दिवशी शिरवतात, आणि दोन मुली ते अंकुर एकमेकींच्या कानावर खोवून भोजली होतात. मग जन्मभर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. 'सीताराम भोजली' म्हणून हाक. तिच्या घरचं लग्न म्हणजे आपल्या घरचं, तिच्या घरचं सुतक पाळायचं. गंगाजल, महाप्रसाद, जंवारा असेही प्रकार आहेत, पुरुषांतही असतात.

आजी शाळेत गेली नव्हती आणि भोजलीला पत्र वगैरे काही नाही. जत्रेत भेट. तरी दोन्ही घरांत अजून जाणंयेणं आहे. लाओथोंग वाचताना मला काहीच परकं वाटलं नाही. फक्त तो करार वाचून हसू आलं, आमच्याकडे कुणी लिहून मागितलं नसतं.

जुनी वही

गोंदियावाली, तुमच्या शेवटच्या वाक्यावरच बोट ठेवते. भोजली दोन घरं जोडते. लाओथोंगमध्ये (कादंबरीतल्या) दलालणीचा हेतू वेगळाच निघतो. स्नो फ्लॉवरचं घर बुडालेलं आहे हे तिला पक्कं ठाऊक असतं, कारण ती स्नो फ्लॉवरची सख्खी मावशी. शेतकऱ्याच्या पोरीला घरंदाज चालीरीती कळाव्यात आणि भाचीला चूल, झाडू, धुणं हे सगळं शिकायला मिळावं, असा तो व्यवहार. दोघीही एकमेकींची शिकवणी घेत असतात आणि लिलीला कित्येक वर्षं हे कळतच नाही. जिथे सुरुवातच देवघेवीची, तिथे लिलीने पुढे हिशेब मांडला तर नवल काय?

हडळ

मला धागालेखिकेचं मूळ म्हणणंच पटलं नाही. लिलीला फाशी देऊन मोकळं व्हायचं, हे फार सोपं झालं.

लिली सहा-सात वर्षांची असल्यापासून तिला एकच गोष्ट शिकवलेली आहे: दुखलं तरी चाल. आई तिला हाडं मोडलेल्या पायांवर घरभर चालायला लावते आणि त्यालाच माया म्हणते. तिच्या लेखी प्रेम म्हणजे हेच. मग डोंगरात मैत्रीण मार खाऊन बसलेली असताना ती दुसरं काय सांगणार? 'ऊठ, चाल, मुलगा होऊ दे.' आईने तिला जे दिलं तेच ती मैत्रिणीला देते, आणि मनापासून देते. मला तो प्रसंग वाचताना लिलीचा राग आला नाही, अंगावर काटा आला. कारण शहाण्यासुरत्या बायकांना बाळंतीण झालेल्या मैत्रिणीला असला सल्ला देताना मी ऐकलंय.

स्नो फ्लॉवर तरी कुठे सरळ आहे? बाप व्यसनी, घरातलं सामान विकलेलं, हे तिने लग्नापर्यंत लपवलं. लिली तिच्या माहेरी जाते तेव्हा रिकामं, पडकं घर बघून तिला कळतं. एकदा असा दगा बसला की माणूस पुढच्या निरोपात दगाच वाचणार.

जुनी वही

हडळ, पायांबद्दलचं बिनतोड आहे, ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण सल्ला देणं वेगळं आणि चारचौघींसमोर उघडं पाडणं वेगळं. त्या मेळाव्यात लिली रागाच्या भरात बोलत नाही. तिने ते आधी रचलेलं असतं, गाण्याच्या चालीत. स्नो फ्लॉवरच्या नवऱ्याबरोबरच्या खाजगी गोष्टीसुद्धा त्यात येतात. जी भाषा दोघींनी माडीवर एकत्र बसून गिरवली, तिचाच ती सुरा करते. हे आईने शिकवलेलं नाही.

हडळ

हे मात्र मान्य. ती जागा मलाही वाचवता येत नाही.

आडगल्ली

माडीचा उल्लेख आला म्हणून. त्या घरांमध्ये मुली वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून सूत, विणकाम, चपला, भरतकाम करायच्या. लॉरेल बॉसेन आणि हिल गेट्स या अभ्यासक बायकांचं २०१७ चं पुस्तक आहे. चीनमधल्या खेड्यापाड्यांतल्या शेकडो म्हाताऱ्यांना विचारून त्यांनी असं मांडलं की पाय बांधण्यामागे नवरा मिळवणं आणि सौंदर्य हीच कारणं नव्हती. लहान मुलीला एका जागी बसवून हाताने काम करून घेण्याशी त्याचा घट्ट संबंध होता. गिरणीचं सूत आलं, घरच्या कताईला किंमत राहिली नाही, तसतशी प्रथा ओसरली. म्हणजे ज्या माडीवर मैत्री जमली, ती माडी हा एक कारखानाही होता.

सिंगापूरची काकू

नमस्कार, उशिरा आले. तुम्ही सगळे हुनानमध्ये रमलात, जरा दक्षिणेलाही या.

ग्वांगदोंग प्रांतात शुंदे भागात रेशमाचा मोठा धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाफेवरच्या रेशीम गिरण्या आल्या आणि मुलींच्या हातात स्वतःची मजुरी पडू लागली. तिथल्या कित्येकींनी लग्नच करायचं नाही असं ठरवलं. एरवी लग्नाच्या वेळी मुलीचे केस दुसरी बाई विंचरून वर बांधते. या मुली देवीसमोर स्वतःच्या हाताने केस विंचरून अंबाडा घालायच्या आणि शपथ घ्यायच्या. पुढे आयुष्यभर बहिणी म्हणून एकत्र.

१९३० च्या दशकात रेशमाचा बाजार बसला आणि यातल्या खूप जणी इथे सिंगापूरला आल्या. इंग्रज सरकारने १९३३ मध्ये चिनी पुरुषांच्या येण्यावर मर्यादा घातली, बायकांवर १९३८ पर्यंत नव्हती. पांढरा सदरा, काळी विजार, मागे लांब वेणी किंवा अंबाडा, अशा त्या 'आमा'. श्रीमंतांच्या घरी मुलं सांभाळायच्या. सुटीच्या दिवशी टेकायला चायनाटाऊनमध्ये पाच-सहा जणी मिळून एक खोली भाड्याने घ्यायच्या. आजारी पडली तर तिथेच, बाकीच्या बघणार. सागो लेनवर 'मरणघरं' होती, एकटी माणसं शेवटचे दिवस काढायला तिथे जायची, ती १९६१ मध्ये बंद झाली. आमांना सगळ्यात मोठी काळजी असायची ती आपल्यामागे पूजा कोण करणार याची, आणि ते काम बहिणी करायच्या. शुंदेमध्ये परत येणाऱ्यांसाठी 'पिंगयू थांग' नावाची वास्तू इथल्याच बायकांच्या पैशातून उभी राहिली, आता तिथे संग्रहालय आहे.

लिली आणि स्नो फ्लॉवरला नवरे नसते तर काय झालं असतं, याचं उत्तर मला या बायकांत दिसतं. यांच्यावर झोकात कादंबरी कुणी लिहील तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

वरणफळं

काकू, यावर स्वतंत्र धागा काढा ना प्लीज!

डॉ. रानवेल

त्याच लेखिकेची 'लेडी टॅन्स सर्कल ऑफ विमेन' (२०२३) कुणी वाचली का? मी धंद्याने स्त्रीरोगतज्ज्ञ, त्यामुळे मला ती जास्त भावली. यातली लेडी टॅन, म्हणजे थान युनश्येन, खरी होऊन गेली. मिंग काळातली, जन्म १४६१, वूशी गावची. आजीकडून वैद्यकी शिकली आणि तिने बायकांच्या ३१ रुग्णकथा लिहून ठेवल्या. ते पुस्तक १५११ चं. रुग्णांमध्ये मोलमजुरी करणाऱ्या बायकाही आहेत, आणि अतिकष्ट, राग, दुःख ही आजाराची कारणं म्हणून ती सरळ नोंदवते.

कादंबरीत तिची मैत्रीण मेलिंग, सुईणीची मुलगी. हे पात्र कल्पित. जमलंय ते असं की घरंदाज वैद्यीण नाडी बघते, औषध लिहिते, पण रक्ताला हात लावत नाही. तो विटाळ सुईणीने घ्यायचा. जुन्या चीनमध्ये सुईणीची गणना दूर ठेवण्यासारख्या बायकांत व्हायची. म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत दोघी मैत्रिणी समोरासमोर, एकीचे हात स्वच्छ, एकीचे कोपरापर्यंत माखलेले. आमच्या लेबर रूममध्ये कन्सल्टंट आणि आया यांच्यात हा फरक अजून दिसतो, म्हणून वाचताना अस्वस्थ झाले.

मैत्रीचं चित्रण मात्र 'स्नो फ्लॉवर'इतकं धारदार नाही. इथे दोघी चांगल्या आहेत, गैरसमज होतात आणि मिटतात. लेखिका वयाबरोबर मवाळ झाली असं वाटलं.

कऱ्हाडचा पाहुणा

सिनेमा आहे ना यावर? बायको बघ म्हणते.

जुनी वही

आहे, २०११ चा, दिग्दर्शक वेन वांगचा. 'स्नो फ्लॉवर'वर. आजच्या शांघायमधल्या दोन मैत्रिणींची गोष्ट त्याला समांतर जोडली आहे, जी पुस्तकात नाही. हॉलिवूडचा नट ह्यू जॅकमन येऊन गाणं म्हणून जातो. बायकोला सांगा, पुस्तक वाच.

त्यापेक्षा 'हिडन लेटर्स' (२०२२) हा माहितीपट बघा. च्यांगयोंगच्या नुशू संग्रहालयात काम करणारी हू शिन आणि शांघायची एक गायिका, या दोघींभोवती फिरतो. नुशू आता पर्यटनाचा माल झाली आहे, पुरुष अधिकारी बायकांच्या सहनशीलतेवर भाषणं देतात, आणि हू शिन तो सगळा तमाशा शांतपणे बघत उभी असते. तिची आणि हे यानशिन या वृद्ध बाईंची जवळीक बघण्यासारखी आहे. हे यानशिन आजीकडून नुशू शिकल्या होत्या.

टवाळ

पण ती लिपी एवढी जुनी आणि एवढी मोठी गोष्ट, तर जुनी पुस्तकं कुठायत? का तेही मार्केटिंग?

आडगल्ली

दोन कारणं. एक म्हणजे बाई गेली की तिचं लिखाण तिच्याबरोबर पुरायचे किंवा जाळायचे, म्हणजे पलीकडे तिला वाचायला मिळावं. जिवलग मैत्रिणीने लिहिलेलं कोण मागे ठेवणार? दुसरं, माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात जुनाट म्हणून बरंच नष्ट झालं. चोऊ श्वो-यी या स्थानिक माणसाने १९५० च्या दशकात अभ्यास सुरू केला, तर त्याला 'उजवा', म्हणजे साम्यवादाचा विरोधक, ठरवून शिक्षा भोगायला लावली. १९८२ मध्ये कुंग चपिंग हे प्राध्यापक तिथे पोचले तेव्हा कुठे बाहेर बोभाटा झाला. हाती उरलंय ते बहुतेक एकोणिसावं शतक आणि त्यानंतरचं.

काव यिनश्येन (मृत्यू १९९०) ही बाई मला या सगळ्यात ठळक वाटते. पूवेई गावातली. सात शपथेच्या बहिणींपैकी एक. संशोधक आले तेव्हा तिने आठवणीतून पानंच्या पानं लिहून दिली, आणि आज तिची नात हू मेयुए त्याच गावात शिकवते. कादंबरीतली लिलीही पूवेईचीच दाखवली आहे, हा योगायोग नसावा.

आणि हो, २०१७ पासून नुशूची ३९६ अक्षरं युनिकोडमध्ये (संगणकावर सगळ्या लिप्या लिहायच्या जागतिक पद्धतीत) आहेत. फॉन्ट टाकला तर या धाग्यावरही लिहिता येईल.

हडळ

म्हणजे आता पंख्याऐवजी व्हॉट्सअॅप. लिली 'सीन' करून उत्तर देणार नाही, एवढाच फरक.

गोंदियावाली

आणि मग ग्रुपवर सगळ्यांसमोर काढेल. :D

टवाळ

ठीक आहे, हरलो. वाचनालयात आहे का बघतो. मधमाशी चावून कुणीतरी मरतं असं आत्ताच एका परीक्षणात वाचलं, तिथपर्यंत तरी जाईन. लिली दोषी की निर्दोष, परत येऊन भांडतो. धागा वर ठेवा.